साठ टक्क्यांच्या खालचे

डँडेनॉन्ग, मेलबर्न
२६ एप्रिल २०२०

प्रिय आल्फ्रेड,

फोनवर तू मला दोन मिनिटांत गप्प करतोस. पाठचा भाऊ असून तुला ते लहानपणापासून जमतं. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही.

मंगळवारी सकाळी बातमी लागली की अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. नोएमी माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. नोएमी म्हणजे सांता लुझ या छोट्या देशातून आलेल्या माझ्या बारा विद्यार्थ्यांपैकी एक. वय एकोणतीस. घरमालकाने मार्चमध्ये खोली सोडायला सांगितली, तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत राहते. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मिस, आमचं काय होणार?"

मी म्हटलं, "काही होणार नाही. माझा भाऊच तुमच्या सरकारचा सल्लागार आहे."

बोलून गेले. आता ते खरं करणं तुझ्याकडे आहे.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण देते. सांता लुझला समुद्रातल्या तेलाशिवाय काही नाही, आणि ते तेल वीसेक वर्षांत संपणार. तेव्हा त्याचे पैसे आत्ताच दुसऱ्या धंद्यांत घाला, हे त्यांना सहा वर्षं तूच सांगतो आहेस. मासळी भरपूर आहे पण ती थंड ठेवणारं कोणी नाही, म्हणून बारा माणसं रेफ्रिजरेशन शिकायला माझ्या कॉलेजात पाठवा, हेही तुझंच. ती कल्पना तुला कुठल्या रिपोर्टातून सुचलेली नाही. पप्पांच्या बर्फाच्या कारखान्यातून सुचली. वसईच्या बाजारात बर्फ नसला की दुपारी दोननंतर पापलेटचा भाव गिऱ्हाईक ठरवतं, हे पप्पा सांगायचे. बर्फ असला की मासळीवाली टोपली झाकून सरळ घरी जायची, उद्या आपल्या भावाने विकायला.

या बारा जणांची स्कॉलरशिप चालू राहणार ना? हो की नाही, एवढंच लिही.

डोरीन

*

पर्थ
१० मे २०२०

प्रिय डोरीन,

हो.

आता थोडं जास्त. भाव पडला की सरकारं घाबरतात, पण अशा दिवसांसाठीच तेलाच्या पैशांचा तो फंड काढलेला आहे. तुझी बारा माणसं हा त्या सगळ्या प्लॅनचा कणा आहे, हे मी मिनिस्टरला पन्नास वेळा सांगितलंय. काळजी करू नकोस. नोएमीलाही सांग, no worries.

एक मदत हवी. वर्कशॉप बंद असल्यामुळे कोण कुठवर आलंय हे आम्हाला कळत नाही. बाराही जणांचा कोर्स किती टक्के झाला, याची यादी पाठवशील? ऑफिसमार्फत मागवली तर महिना जाईल. तू चोख असतेस, तुझा आकडा मला पुरतो.

इकडे सगळं जवळजवळ नेहमीसारखं आहे. सीमा बंद केल्यापासून पर्थ वेगळाच देश झालाय. काल लिझा आणि मी समुद्रावर गेलो होतो. तुझी आठवण काढली.

आल्फी

*

डँडेनॉन्ग
१४ मे २०२०

आल्फी,

यादी जोडली आहे.

सगळे पन्नास ते एकोणसाठच्या मध्ये आहेत. नोएमी अठ्ठावन्न. आकडे कमी दिसतील, त्याचं कारण माझी पद्धत. कॉम्प्रेसर स्वतः एकट्याने खोलायचा, जोडायचा, चालू करून दाखवायचा. मी हात लावला नाही आणि तो चालला, तर पूर्ण मार्क. नाहीतर शून्य. बाकीचे शिक्षक अर्ध्या कामाला अर्धे मार्क देतात, कॉलेजचा नियमही तसा देऊ देतो. मी देत नाही. पप्पांचा एक मदतनीस "जवळजवळ बरोबर" बसवलेल्या व्हॉल्व्हपायी डोळ्याने गेला, ते आपण दोघांनी पाहिलंय.

म्हणजे हे लोक अठ्ठावन्न टक्क्यांचे नाहीत. वर्कशॉप उघडलं की दोन महिन्यांत सगळे नव्वदच्या वर असतील. हे यादीसोबत वाच.

डोरीन

*

पर्थ
३१ मे २०२०

मिळाली. थँक्स. निश्चिंत राहा.

आल्फी

*

डँडेनॉन्ग
१९ जुलै २०२०

आल्फ्रेड,

आम्ही पुन्हा घरात बंद आहोत, ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. पण मी त्यासाठी लिहीत नाही.

शुक्रवारी बाराही जणांना सांता लुझच्या शिक्षण खात्याची ईमेल आली. बाराही जणांना एकच मजकूर, फक्त नाव बदललेलं. "तेलाच्या उत्पन्नात घट झाल्यामुळे ज्यांचा अभ्यासक्रम साठ टक्क्यांपेक्षा कमी पूर्ण झाला आहे त्यांची स्कॉलरशिप ३१ ऑगस्टला संपेल. परतीचं खास विमान ३ सप्टेंबरला सुटेल." एकदा गेले की ऑस्ट्रेलियाची दारं बंद. परत येणं नाही.

नोएमीने ती मला मोठ्याने वाचून दाखवली. मग विचारलं, "मिस, साठच का? पन्नास का नाही?"

मग तिनेच दुसरी गोष्ट सांगितली. सांता लुझची वीस मुलं सिडनीला हॉटेल मॅनेजमेंट शिकतात. ती राहणार आहेत. सगळी ऐंशीच्या वर. का, तर त्यांचे प्रॅक्टिकल झूमवर झाले. त्यातली एक नोएमीची चुलत बहीण. मार्चपासून घरच्या टेबलावर नॅपकिनचे हंस करून कॅमेऱ्याला दाखवते आणि मार्क मिळवते. आल्फ्रेड, जगात आज एक पर्यटक नाही. विमानं उभी आहेत. आणि तो देश हंस करणारे ठेवून मासळी वाचवणारे परत बोलावतोय.

मला वाटतं तुला डावलून हे कोणीतरी ठरवलंय. कोणी क्लार्क, कोणी मिनिस्टरचा भाचा. तुला माहीतही नसेल. म्हणून तातडीने कळवते आहे. हे थांबव. तुझ्या एका फोनचं काम आहे.

डोरीन

*

पर्थ
२ ऑगस्ट २०२०

प्रिय डोरीन,

तुझा राग समजतो. पण जरा माझी बाजूही ऐक.

त्या देशाचं उत्पन्न तीन महिन्यांत एक तृतीयांशावर आलं. हॉस्पिटलच्या नर्सेसचे पगार त्यातूनच होतात. व्हेंटिलेटर त्यातूनच येतात. फंडातून किती काढायचं याला कायद्याने मर्यादा आहे, आणि ती मोडू नका असं सांगणं हेच माझं काम आहे. कुठेतरी कात्री लागणार होती. कॅबिनेटला एक सरळ निकष हवा होता, ज्यात कोणाची ओळख-वशिला चालणार नाही. ज्या हॉटेलसाठी ती वीस मुलं शिकतायत, ते फंडाच्या पैशातून अर्धं बांधून झालंय. ते तसंच सोडलं तर लोक रोज येता-जाता बघतील आणि फंडाला शिव्या देतील. पुढच्या वर्षी निवडणूक आहे. अर्थव्यवस्था वळवायला वीस वर्षं लागतात, डोरीन, आणि सरकारला चारच असतात.

तुझ्या बारांचं मलाही वाईट वाटतं. अठ्ठावन्नवर असलेल्या नोएमीचं तर फारच. दोन टक्क्यांचा प्रश्न होता. पण रेषा कुठेतरी ओढावी लागते.

तुमच्याकडे आज कडक लॉकडाउन जाहीर झालाय. सांभाळून राहा. काही लागलं तर कळव.

आल्फी

*

डँडेनॉन्ग
७ ऑगस्ट २०२०

आल्फ्रेड,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अठ्ठावन्न या आकड्यापाशी थांबले.

नोएमी अठ्ठावन्नवर आहे हे तिच्याखेरीज जगात दोनच माणसांना माहीत होतं. मला आणि तुला. आकडे कॉलेजने अजून कोणालाच दिलेले नाहीत, मी ऑफिसला विचारून खात्री केली. म्हणजे कॅबिनेटपुढे गेलेली यादी माझी. मी भावाला पाठवलेली. आणि यादीखाली लिहिलेलं तू कापून टाकलंस.

साठ हा आकडा कोणाचा, ते आता विचारत नाही. माझ्या यादीत सगळ्यात वरचा आकडा एकोणसाठ होता. रेषा बरोबर त्याच्या डोक्यावर ओढलीस.

"no worries" लिहिलंस मला. समुद्रावर जाऊन माझी आठवण काढलीस. "तू चोख असतेस" म्हणालास आणि माझ्या चोखपणानेच बारा माणसांचा गळा कापलास. मी इतकी वर्षं समजत होते की माझा भाऊ बाहेरच्या जगात शहाणा झालाय. तू फक्त गुळगुळीत झालायस. अर्धवट इमारत रस्त्यावरून दिसते म्हणून ती पूर्ण करायची, आणि अर्धवट माणूस दिसत नाही म्हणून तो परत पाठवायचा. याला तुमच्याकडे काय म्हणतात? विविधीकरण?

आणि मी. दोन रात्री मी स्वतःशीच भांडते आहे. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाने अर्धे मार्क दिले असते आणि बाराही जण सत्तरच्या वर असते. हे माझं आहे, तुझं नाही. पण मी ते लपवलं नव्हतं. तुला लिहून दिलं होतं.

काल नोएमीला सगळं सांगितलं. तू माझा भाऊ, यादी माझी, सगळं. म्हटलं, नियमात बसतं, मी सगळ्यांना अर्धे मार्क देते, आकडे बदलून पाठवते.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आणि तिकडे मशीनमधून अमोनिया वायू गळायला लागला की मी त्याला मार्कशीट दाखवू?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. म्हणाली, "मिस, मला मार्क नकोत. मशीन द्या."

मशीन मिळालंय. इथल्या एका कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर गणेश, आपल्या पुण्याचा. त्याचे दोन्ही मेकॅनिक क्वारंटाइनमध्ये अडकलेत आणि आत टनांनी माल आहे. मी विचारलं तर म्हणाला, "Mate, आजच पाठवा. परमिट मी काढतो. हे essential काम आहे, पोलीसही अडवणार नाहीत." त्याचा एक सीनियर माणूस देखरेखीला असेल. चार-चार जण, आळीपाळीने. तिथे एकट्याने केलेलं काम मी प्रॅक्टिकल म्हणून धरणार. कॉलेजने होकार दिलाय.

आता तुझं काम. त्यांना लेखी कळव की मे महिन्याचा आकडा या कामासाठी चुकीचा होता, का होता, आणि ३१ ऑगस्टला असलेला आकडा धरा. पानभर पत्र. खाली तुझी सही. तीन आठवडे आहेत.

डोरीन

*

पर्थ
२३ ऑगस्ट २०२०

डोरीन,

पत्र परवा पाठवलं. २१ तारखेला.

तुझी ईमेल ७ ला मिळाली होती. मधले चौदा दिवस मी काय करत होतो ते सांगतो, कारण आता काही झाकून उपयोग नाही. मसुदा लिहीत होतो. "चुकीचा" ऐवजी "अपुरा" लिहिलं. मग "काही मर्यादा असलेला" लिहिलं. मग मी ज्या सल्लागार फर्ममध्ये आहे तिच्या वकिलाला दाखवला, त्याने आणखी मऊ केला. एका सकाळी लिझाने तो वाचला आणि विचारलं, "यात तुझं म्हणणं काय आहे?" तेव्हा सगळं खोडलं आणि तू सांगितलंस तसं पानभर लिहिलं. तक्ता मी बनवला, साठची रेषा मी सुचवली, शिक्षिकेने दिलेली टीप मी गाळली. सही केली.

का गाळली? कारण टीप असली की निकष सरळ राहत नव्हता. मिनिस्टरला हॉटेल हवंच होतं. मला वाटलं, निदान वीस माणसं वाचतात. बत्तीसच्या बत्तीस जाण्यापेक्षा.

उत्तर आज आलं. विमानातल्या जागा पक्क्या झाल्या आहेत, विषय सप्टेंबरच्या बैठकीत घेऊ. विमान ३ तारखेला आहे आणि बैठक १७ ला.

फर्मने मला या कामातून काढलंय. हे तू हळहळावंस म्हणून लिहीत नाही.

आल्फ्रेड

*

डँडेनॉन्ग
६ सप्टेंबर २०२०

आल्फ्रेड,

मी हळहळले नाही.

चौदा दिवस. गणेशच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तेवढ्या दिवसांत पाच जणांनी साठ ओलांडले. एक तर एकाहत्तरवर गेला. मी रोज संध्याकाळी आकडे टाइप करून सांता लुझच्या खात्याला पाठवत होते. रोज एकच उत्तर यायचं, आपला ईमेल मिळाला.

सगळे गेले. साठच्या वरचे पाचही.

विमानतळावर जाता आलं नाही, लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरची हद्द. बस आमच्या कोपऱ्यावर आली. ड्रायव्हर मास्कमधून ओरडत होता, एक बॅग, एकच बॅग. नोएमीने बॅगेतून कपडे काढून माझ्या कुंपणाच्या कठड्यावर ठेवले आणि त्यांच्या जागी हत्यारं भरली. मी तिला पाने आणि गेजचा माझा जुना संच दिला होता, तो वजनदार आहे.

तिचा आकडा अठ्ठावन्नच राहिला. शेवटच्या मंगळवारी तिने कॉम्प्रेसर एकटीने खोलला, जोडला, चालू केला. व्हॉल्व्हच्या प्लेटपाशी बारीक गळत होता. मी हात पुढे करून बोल्ट आवळला. न आवळता मला उभं राहवलं नाही. म्हणजे शून्य. ती स्वतःच वहीत शून्य लिहून माझ्याकडे सहीला घेऊन आली. मी सही केली, आल्फ्रेड. हे तुला समजावं म्हणून लिहीत नाही. अजून मलाच समजलेलं नाही. कधी वाटतं मी खरी शिक्षिका आहे, कधी वाटतं मी एक हेकट बाई आहे आणि तुझ्यासारखीच रेषा ओढून बसले आहे.

बसच्या पायरीवरून ती म्हणाली, "तिकडे बंदरावर कोल्ड स्टोरेज बांधलेलं आहे. फंडानेच. मार्चपासून कुलूप. आत डेन्मार्कचा कॉम्प्रेसर आहे, अजून प्लास्टिकमध्ये. ते कुलूप उघडलं तर तुम्ही मला फोनवर बघाल?"

मी म्हटलं, बघेन. किल्ली कोणाकडे आहे?

"तुमच्या भावाला माहीत असेल."

तुला माहीत आहे का? तू आता त्यांचा कोणी नाहीस, ते मला कळलंय. तरी विचारते. तिचं क्वारंटाइन १८ तारखेला संपतं.

डोरीन

*

पर्थ
२८ सप्टेंबर २०२०

डोरीन,

मला माहीत नव्हतं.

त्या देशात मी सहा वर्षांत अकरा वेळा गेलो. त्या कोल्ड स्टोरेजचा फोटो माझ्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये होता. आत मी एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. किल्ली कोणाकडे असते हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मिनिस्टरच्या ऑफिसात आता माझा फोन कोणी घेत नाही. १७ ची बैठकही झाली नाही. मग मी खालून सुरुवात केली. बंदराची चौकी, मग मत्स्य खातं, मग गोदामाचा कारकून. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दर वेळी मिनिस्टरबरोबर यायचात. मी दारात उभा असायचो." मी ओळखलं नाही त्याला. त्याने मला ओळखलं.

त्याचं म्हणणं, दार उघडायला मिनिस्टर लागतच नाही. बंदर अधिकाऱ्याची सही आणि प्रशिक्षित माणूस आत जातोय असं कुठल्याही संस्थेचं पत्र, एवढं पुरतं. कुलूप लावलं कारण चालवणारं कोणी नव्हतं. सही त्याने स्वतः जाऊन आणली. तुझ्या कॉलेजचं पत्र तू पाठव. मशीन चालू होईपर्यंत दार दर शुक्रवारी उघडेल. पहिला शुक्रवार ९ ऑक्टोबर, सकाळी आठला तो दारात असेल.

तू मला गुळगुळीत म्हणालीस. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आल्फ्रेड

*

डँडेनॉन्ग
१८ ऑक्टोबर २०२०

आल्फ्रेड,

पत्र मी त्याच दिवशी पाठवलं होतं. दार उघडलं.

पहिला शुक्रवार साफसफाईत गेला. आत उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. परतलेल्या बारांपैकी सात जण आले. बाकीच्यांना दुसरी कामं मिळाली आहेत, एक जण हॉटेलच्या बांधकामावर सिमेंट उचलतो. एकाहत्तर टक्केवाला.

दुसऱ्या शुक्रवारी, परवा, नोएमीने कॉम्प्रेसर हाती घेतला. कारकुनाने फोन एका पिंपावर उभा करून दिला. मी इथे स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढे बसले होते. सात तास लागले. दोनदा ती चुकली आणि दोनदा मला ते आधी दिसलं. मी तोंडावर हात दाबून बसले. तिसऱ्यांदा ती थांबली, परत मागे गेली, स्वतःच गळती शोधली. चालू केला तेव्हा आवाज एकसारखा होता. असा आवाज कानाला कळतो.

तिने पिंपाजवळ येऊन विचारलं, "तुम्ही काही केलं नाही ना?"

मी म्हटलं, "मी मेलबर्नला आहे."

कॉलेजला मी तिचे पूर्ण मार्क कळवले आहेत. ते म्हणतात, विद्यार्थिनीचं नाव ३१ ऑगस्टला कमी झालंय, सर्टिफिकेट देता येणार नाही. तो लढा मी इथे लढेन, तू त्यात पडू नकोस. तुझी मदत म्हणजे काय असते ते मी पाहिलंय, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण खोडणारही नाही.

काल संध्याकाळी सहा होड्यांचा माल आत गेला. नोएमीने फोटो पाठवलाय. कारकून मध्ये उभा आहे, या वेळी आतल्या बाजूला.

ती म्हणते, उत्तरेकडच्या बंदरावरही असंच एक बांधून ठेवलेलं आहे. कुलूप त्याच महिन्यापासून. तिथे कोणाची सही लागते ते शोध. फोन करू नकोस, माझा राग अजून उतरलेला नाही. लिहून कळव, आणि चौदा दिवस लावू नकोस.

डोरीन